पाच नंबरचे अण्णा आणि सायकलची शर्यत

डायलिसिसच्या खोलीत टीव्हीचा रिमोट कोणाकडे असावा, याचा काही नियम नसतो. आमच्या खोलीत तो पाच नंबरच्या बेडवर असायचा. पाच नंबरला अण्णा खैरनार होते. रिमोटचं मागचं झाकण हरवलं तेव्हा त्यातले सेल रबर लावून त्यांनी बसवले होते, आणि तेव्हापासून तो त्यांच्या उशाखाली राहू लागला. कोणी मागितला तर देत. देताना सांगत, "आवाजाचं बटण हळू दाबा. दमलंय ते."

"दमलंय" हा त्यांचा शब्द. लिफ्ट दमलेली, वजनकाटा दमलेला, खिडकीबाहेरचा गुलमोहर दमलेला. स्वतःबद्दल कोणी विचारलं तर मात्र म्हणायचे, "चालू आहे."

मी तिथे पेशंट नव्हते. माझी आई चार नंबरला होती, अजूनही आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. किडन्या बंद पडलेल्या माणसाचं रक्त एका नळीने बाहेर येतं, मशीनमधून धुतलं जातं आणि दुसऱ्या नळीने परत आत जातं. आठ बेड, आठ मशीन, आणि प्रत्येकाशेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची. पाच नंबरची खुर्ची रिकामी असे. अण्णा एकटेच यायचे, रिक्षाने, सातपूरहून. पिशवीत स्वतःची चादर, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि एक छोटी बाटली. बाटलीवर त्यांनी ब्लेडने सारख्या अंतरावर रेघा मारल्या होत्या. दिवसभराचं पाणी एवढंच. पाऊण लिटरच्या आत, त्यातच चहा आणि आमटीही धरायची.

मूळचे ते सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या खात्यात, अठ्ठावीस वर्षं काढलेली. बायको बरीच वर्षं आधी गेली होती. एक मुलगी, मनीषा, सटाण्यालाच दिलेली. डायलिसिस संपून पट्टी बांधली की ते साधा बटणांचा फोन काढायचे आणि तिला लावायचे. "व्हई गयं," एवढंच अहिराणीत सांगायचे. म्हणजे, झालं. मग पलीकडून ती बोलत असणार, कारण अण्णा बराच वेळ नुसतं "हं, हं" करत बसत.

यंत्रांशी त्यांचं जमायचं. मशीनचा अलार्म वाजला की आम्ही सिस्टरांना हाका मारायला लागायचो. अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "हवेचा नाही. प्रेशरचा आहे. नळी मुडपली असेल." एकदा आईचं मशीन ओरडायला लागलं. रेखा सिस्टर दुसऱ्या टोकाला एकाच्या हाताला सुई लावत होत्या. मी घाबरून उठले. अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, "ताई, त्यांच्या कोपराखाली बघा." आई नळीवरच कोपर टाकून झोपली होती. कोपर उचलला, अलार्म थांबला. "माणसाचीच चूक असते बहुतेक," ते म्हणाले. "मशीन उगाच बोलत नाही."

डायलिसिससाठी हातावर जी शीर फुगवून घेतात, तिच्यावर बोट ठेवलं की आत भिरभिर लागते. नवा पेशंट आला आणि घाबरलेला असला की अण्णा स्वतःचा हात पुढे करत. "लावा बोट. स्पिंडल फिरतंय की नाही? मग झालं तर."

सायकलच्या शर्यतीचं सगळं सुरू झालं ते टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये. करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. खोलीत सगळ्यांच्या तोंडावर मास्क, पेशंटबरोबर एकच माणूस. तेव्हा आमची पाळी सकाळची असे. शनिवार होता. अण्णांनी चॅनल बदलता बदलता मध्येच हात थांबवला. हिरवागार डोंगर, त्यातून वर जाणारा गुळगुळीत रस्ता, आणि शंभरेक सायकलवाले, मधमाश्यांसारखे एकमेकांना चिकटून.

"आपलं कोण आहे त्यात?" दोन नंबरच्या आजोबांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग कशाला बघायचं?"

"म्हणूनच बघायचं," अण्णा म्हणाले. "आपलं कोणी असलं की धडधडतं. इथे धडधड परवडणार आहे का कोणाला? बीपी वाढलं तर सिस्टर रागावतील."

त्यांना सायकलीतलं काही कळत होतं असं नाही. एकाही खेळाडूचं नाव त्यांना माहीत नव्हतं. शर्टाच्या रंगावरून ते ओळख ठेवत. लाल्या, निळोबा, पट्टेवाला. नियम ते अंदाजाने बसवत आणि चुकला की दुसरा बसवत. "हे मागचे पुढे का जात नाहीत? हां, हां. पुढच्याच्या आडोशाला वारा लागत नसणार. लबाड आहेत." चाकांकडे मात्र ते टूलरूमच्या डोळ्यांनी बघत. एवढ्या बारीक टायरवर एवढा माणूस, आणि उतारावर हा वेग, याचं त्यांना नवल वाटे.

तिकडे त्या दिवशी भयंकर उकाडा असावा. एका चढावर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाने बाटली पुढे केली. एका सायकलवाल्याने चालत्या सायकलवरून ती घेतली, दोन घोट प्यायला, थोडं डोक्यावर ओतलं आणि बाटली फेकून दिली.

खोलीत मशीनचा आवाज तेवढा येत होता. आठ माणसं, आठही जणांना पाणी मोजून. दोन नंबरच्या आजोबांनी मास्कच्या आत ओठांवरून जीभ फिरवली असावी, मास्क हलला. मग आणखी एकाने बाटली घेतली आणि मानेवर ओतली. पाणी पाठीवरून खाली ओघळत गेलं.

"मानेवरून कसं गेलं बघा," आई हळूच म्हणाली.

"आणि अर्धी फेकली हो!" अण्णा म्हणाले. "अर्धी भरलेली! मागे जाऊन कोणीतरी उचला रे."

पहिल्यांदा हसल्या त्या रेखा सिस्टर. मग सगळेच हसले. पुढचे दोन तास शर्यत कोण जिंकतंय याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे बाटल्यांची वाट बघत होते. बाटली दिसली की सहा नंबरच्या बाई "आली, आली" म्हणायच्या. त्या दिवशी चार तास कसे गेले ते कळलं नाही, असं आई घरी येताना रिक्षात म्हणाली. त्या खोलीबद्दल ती असं बोललेली मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मंगळवारी अण्णा आले ते घाईने. "आज बायकांची दाखवणार आहेत परत," ते म्हणाले. रविवारी झालेली ती शर्यत त्यांनी घरी बघितली होती. शेवट त्यांना माहीत होता, पण आजोबांनी कितीही खोदून विचारलं तरी सांगितला नाही.

एक मुलगी अगदी सुरुवातीलाच पुढे निघून गेली होती. बरोबरच्या मागे पडल्या, ही एकटीच राहिली. मागच्या सगळ्यांना वाटत राहिलं की पुढे गेलेल्या सगळ्या आता पकडल्या. कानात रेडिओ नव्हते, सांगणारं कोणी नव्हतं. ती एकटी शर्यत जिंकून, सायकलवरून उतरून, रस्त्यावर आडवी पडली. मिनिटभराने नारिंगी शर्टवाली आली. तिने रेषा ओलांडताना दोन्ही हात वर केले आणि तोंडभर हसली. आपणच जिंकलो, असं तिला वाटत होतं.

"अगं बाई," आई म्हणाली. "सांगा ना कोणीतरी तिला."

अण्णांनी टीव्हीकडे बघितलंच नाही. ते आमच्या चेहऱ्यांकडे बघत होते. "कशाला?" ते म्हणाले. "कळणारच आहे. तोवर दोन मिनिटं राहू द्या की खूश."

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मनीषाने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. अण्णांना न विचारता. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. सासरचे हो म्हणाले, जे सहसा होत नाही. तिचा मुलगा दोन वर्षांचा होता. ती अण्णांना किडनी देणार, हे खोलीत सगळ्यांना कळलं, आणि पाच नंबरच्या बेडकडे आम्ही थोडं वेगळ्या नजरेने बघायला लागलो. यात मत्सर नव्हता असं मी म्हणणार नाही. आईसाठी माझी तपासणी झाली होती, तेव्हा माझा रक्तगट जुळला नाही. ते कळल्यावर मी रडले. पण रडण्याच्या आधी एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दान घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला एका समितीपुढे जाऊन बोलावं लागतं. तो दिवस बुधवार होता. गुरुवारी अण्णा नेहमीसारखे आले, वजन केलं, चादर पसरली, झोपले. कसं झालं, असं आईने विचारलं. "चालू आहे," ते म्हणाले आणि रिमोट काढला.

दहा मिनिटांनी मनीषा दारात आली. हातात जाड फाईल, डोळे सुजलेले. ती अण्णांकडे गेली नाही, आईच्या बेडपाशी आली.

"मावशी, तुम्ही तरी विचारा यांना. काल साहेबांसमोर काय बोलले माहिती आहे? म्हणाले, मला हिची किडनी नको, मी लिहून देतो. मी तिथेच बसलेली. लेकराला सासूकडे ठेवून, सगळ्यांना समजावून मी आले होते."

"मनीषा, इथे नको," अण्णा म्हणाले.

"मग कुठे? घरी विचारलं तर बोलत नाहीत. माझी काही किंमतच नाही का तुम्हाला? मी दिलेलं चालत नाही?"

अण्णांचा एक हात मशीनला जोडलेला होता. त्यांनी दुसरा उचलला, पण तो कुठे ठेवायचा ते त्यांना सुचलं नसावं. तो तसाच परत चादरीवर आला. मनीषाने फाईल त्यांच्या पायाशी ठेवली. "राहू द्या तुमच्याकडे," म्हणाली आणि निघून गेली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

पुढे कधीतरी, आई नुसती छताकडे बघत पडलेली असताना, अण्णा आपणहून बोलले. "आमच्या टूलरूममध्ये बंद मशीनसाठी चालू मशीनचा पार्ट काढायची सवय होती. घाईच्या वेळी करायचे लोक. मी अठ्ठावीस वर्षं बघितलं. पहिलं काही दिवस चालायचं. मग दोन्ही बंद."

"माणसाचं तसं नसतं म्हणतात डॉक्टर," आई म्हणाली.

"म्हणतात. मलाही म्हणाले. चार वेळा समजावलं बिचाऱ्यांनी." मोकळ्या हाताने त्यांनी चादर सारखी केली. "कळतं मला, वहिनी. पण धीर नाही होत."

ते चुकले असं मला तेव्हा वाटलं होतं. आजही काही वेळा वाटतं. पण हे सांगण्याचा मला काय अधिकार होता?

त्यानंतर पट्टी बांधून झाली की ते फोन काढेनासे झाले. बेडच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसत, मग स्वेटर घालून निघत. पावणेतीन वर्षं असंच चाललं. मधल्या काळात दोन नंबरचे आजोबा गेले. सहा नंबरच्या बाई गेल्या. आमची पाळी सकाळची जाऊन दुपारची झाली, तीन ते सात. टीव्ही बंद पडला तो पडलाच. अण्णांनी रिमोटमधले सेल काढून रेखा सिस्टरांना दिले, त्यांच्या घड्याळासाठी. त्यांची हातावरची शीर बंद पडली, म्हणून गळ्याजवळ नळी घातली. चालताना ते भिंतीला हात लावून चालू लागले. हृदयही दमलंय, असं एकदा त्यांनीच सांगितलं. हसत नव्हते.

पॅरिसचं ऑलिंपिक सुरू झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, मशीन चालू असतानाच त्यांचं बीपी एकदम उतरलं. डोळे पांढरे झाले. रेखा सिस्टरांनी पाय वर केले, सलाईन सोडलं, डॉक्टर धावत आले. वीस मिनिटांनी ते परत बोलायला लागले. तोवर सिस्टरांनी त्यांच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून लिहिलेला एकमेव नंबर फिरवला होता.

शनिवारी अण्णा आले ते मनीषाच्या हाताला धरून. पाच नंबरच्या खुर्चीत मी पहिल्यांदा कोणाला बसलेलं बघितलं. ती जाड झाली होती, केसांत एक पांढरी बट होती. आम्हा दोघींकडे बघून ती हसली. अण्णांशी मात्र कामापुरतंच बोलत होती. चादर नीट आहे का? थंडी वाजतेय का? एक तास गेला. मशीन चालू होतं. दोघंही समोरच्या बंद टीव्हीकडे बघत होते.

मग अण्णा म्हणाले, "आज सायकलची शर्यत असेल."

"कसली?"

"ऑलिंपिकची. तुझ्या फोनवर दिसते का बघ."

तिने फोनवर शोधाशोध केली, बेडजवळच्या टेबलावर औषधांच्या खोक्याला टेकवून तो उभा केला. छोट्याशा पडद्यावर शेतं होती, झाडांच्या सावल्या होत्या आणि चार-पाच सायकलवाले बाकीच्यांच्या कितीतरी पुढे चालले होते.

"हे जिंकणार का?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"नाही. पकडतील त्यांना मागचे."

"मग कशाला एवढे पळताहेत?"

"आत्ता पुढे आहेत ना."

पावणेसातला मी आईची चादर आवरत होते. माझं लक्ष नव्हतं असं दाखवत मी ऐकत होते, हे कबूल करते.

"डॉक्टरांना विचारलं मी सकाळी," मनीषा म्हणाली. ती पडद्याकडेच बघत होती. "आता दिली तरी चालणार नाही म्हणाले. ऑपरेशन झेपणार नाही तुम्हाला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"झाले सहा-सात महिने."

"आणि फोन केला नाही."

मशीनने वेळ संपल्याची शिट्टी दिली. रेखा सिस्टर आल्या, नळ्या सोडवल्या, पट्टी लावली. मनीषाने त्यांना उठवून बसवलं, स्वेटरच्या बाहीत हात घालायला मदत केली.

"राग आहे का अजून?" अण्णांनी विचारलं.

"आहे."

"बरं," ते म्हणाले. "राहू दे." आणि मग, "तुझ्याकडे सटाण्याला येऊ का काही दिवस? मालेगावला डायलिसिस होतं म्हणे."

ती त्यांच्या स्वेटरची बटणं लावत होती. शेवटचं बटण लावून होईपर्यंत ती थांबली. "सोमवारी गाडी घेऊन येते," म्हणाली.

ते आमच्या खोलीतलं त्यांचं शेवटचं डायलिसिस. सटाण्याला ते चार महिने राहिले, मनीषाच्या घरी, नातवाबरोबर. ते गेल्याचं आम्हाला रेखा सिस्टरांकडून कळलं. झोपेतच गेले म्हणाल्या. त्या वेळी पाच नंबरला दुसरे गृहस्थ येऊ लागले होते, पेठचे, तरुण. ते फोनवर आपलं आपलं काहीतरी बघत असतात.

त्या शनिवारी मी आणि आई बाहेर आलो तेव्हा अण्णा आणि मनीषा लिफ्टसमोरच्या बाकावर बसले होते. चक्कर गेल्याशिवाय खाली जायचं नाही, असं सिस्टरांनी बजावलं होतं. शर्यत अजून चालू होती. मनीषाने फोन दोघांच्या मध्ये, अण्णांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला होता. आई त्यांच्यापुढे जरा थांबली.

"निघतो आम्ही. तब्येत सांभाळा, अण्णा."

"या, वहिनी," ते म्हणाले. "आम्ही बसतो जरा. यांचा घाट यायचा आहे अजून."

लिफ्ट यायला बराच वेळ लागला. आली, मी आईला आत घेतलं, बटण दाबलं. दार सरकायच्या आधी मी पुन्हा बाकाकडे बघितलं. अण्णांची मान मनीषाच्या खांद्यावर कलली होती आणि डोळे मिटले होते. त्यांना झोप लागली होती. मनीषाच्या ते लक्षात आलं होतं, कारण ती अगदी हलत नव्हती. दमलेला हात तिने दुसऱ्या हाताने खालून धरला होता, आणि फोन होता तसाच त्यांच्या चेहऱ्यासमोर ठेवला होता.